लँटाना, वेडेलिया, टेकोमा नको, तर मग देशी काय लावायचं? मुळशीच्या फुलबागेसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुळशी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी दहा गुंठ्यांचा प्लॉट, घर बांधून झालंय, एका बाजूला जंगल आणि खाली ओढा. लँडस्केपवाल्याने लिस्ट दिलीय त्यात समोर रंगीत लँटाना, उतारावर वेडेलिया, कुंपणाला टेकोमा आणि ड्युरांटा, पार्किंगच्या मांडवावर आईस्क्रीम वेल, पायवाटेकडेने फाउंटन ग्रास, कोपऱ्यातल्या टाकीत जलपर्णी आणि पावसाळ्यात उधळायला कॉसमॉसचं बी. शेजाऱ्यांनी सांगितलं की यातली बरीचशी आक्रमक झाडं आहेत. मग देशी काय लावू, आणि देशी लावलं तर बाग फुलेल का नुसतं रान दिसेल?

ताई, फुलेल, नक्की फुलेल. फक्त लिस्टमधलं एक नाव खोडायचं आणि समोर दुसरं देशी नाव लिहायचं असं करून चालत नाही, तसं केलं की दोन वर्षांत निम्मी रोपं मरतात आणि मग लोक म्हणतात देशी झाडांना काही शोभाच नसते. आधी हे बघा की ते झाड तिथे कुठल्या कामासाठी टाकलंय. माती धरायला, की रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून, की सावलीला, की फुलपाखरं यावीत म्हणून. मग तेच काम तुमच्याच पावसात, तुमच्याच मातीत कोण करतं ते शोधायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कुंपणापलीकडे काय आहे. तुमच्या पलीकडे थेट जंगल आहे आणि ओढा खाली जातोय, म्हणजे बागेतलं बी आणि छाटलेल्या फांद्या कुठे जाणार हे उघड आहे, त्यामुळे शहरातल्या सोसायटीला मी जितकी सूट देईन तितकी तुम्हाला देणार नाही.

आधी एक घोळ मिटवू, कारण यावरून फार भांडणं होतात. परदेशातून आलेलं प्रत्येक झाड आक्रमक नसतं. झेंडू मेक्सिकोचा, चाफा मध्य अमेरिकेतला, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, गुलमोहर मादागास्करचा. झेंडू दारात लावा, दसऱ्याला तोडा, तो काही डोंगरावर जाऊन राज्य करत नाही. बोगनवेलीला आपल्याकडे बी क्वचितच धरतं. भीती वेगळ्या झाडांची असते: ज्यांची फळं पक्षी खातात आणि मैलभर नेऊन टाकतात, ज्यांचं बी वाऱ्यावर उडतं, ज्यांचा वीतभर तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो, आणि ज्यांना इथे खाणारी कीड नाही, गुरं तोंड लावत नाहीत. तुमच्या लिस्टमधली बहुतेक झाडं यातल्या कुठल्या ना कुठल्या गटात बसतात.

आणि आक्रमकपणा हा झाडाचा स्वभावच असतो असंही नाही, जागा बदलली की झाड बदलतं. आपली माधवलता घ्या, सह्याद्रीत शहाण्यासारखी राहते, पण आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या जगातल्या १०० सर्वात वाईट आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे, कारण मॉरिशस आणि रीयुनियन बेटांवर तिने तिथल्या जंगलाचा गळा आवळलाय. हिमालयातली पिवळ्या फुलांची सोनटक्क्याची बहीण हवाई बेटांवर असाच उच्छाद मांडून बसलीय. त्याच यादीत लँटाना आहे, वेडेलिया आहे, जलपर्णी आहे, सुबाभूळ आहे, लाल फुलांची पिचकारी पण आहे. म्हणून देशी म्हणजे "भारतातलं" एवढंच धरू नका, देशी म्हणजे तुमच्या डोंगरावरचं. हे पुढे पुन्हा येईल कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आता लँटाना. आपली घाणेरी, काही जण टणटणी म्हणतात. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झाड म्हणून आणली, म्हणजे सुरुवात फुलबागेपासूनच झाली हे लक्षात घ्या. २०२० मध्ये एक मोठा अभ्यास आला त्यात भारतातल्या वाघांच्या पट्ट्यातल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात ती पसरल्याचं दिसलं. बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळं खातात, फांदीवर बसतात, खाली बी पडतं. पानं गुरांना विषारी, त्यामुळे चराईत बाकी सगळं खाल्लं जातं आणि घाणेरी तेवढी उरते. दाट जाळी झाली की खाली गवत येत नाही, झाडांची रोपं येत नाहीत.

नर्सरीवाले सांगतात ही हायब्रिड आहे, वांझ आहे, हिला बी धरत नाही. काही जाती खरोखर वांझ आहेत, मुद्दाम तशा तयार केलेल्या आहेत. पण फ्लोरिडात नर्सरीतल्या जाती तपासल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच जातींना फळ धरत होतं. आणि ज्यांना स्वतःला बी धरत नाही त्यातल्या काहींचे पराग चालू असतात, ते शेजारच्या रानटी झुडपावर गेले की काम झालं. तुमच्या कुंपणापलीकडे रानटी घाणेरी आहेच. आणि आपल्या नर्सरीत कुंडीवर जातीचं नाव कोण लिहितं? "पिवळी लँटाना ४० रुपये" एवढंच असतं, त्यामुळे वांझपणावर भरवसा ठेवून जंगलाच्या कडेला लँटाना लावू नका.

लोक लँटाना लावतात ती फुलपाखरांसाठी, आणि फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण तिथे ती फक्त मध प्यायला येतात. अंडी घालायला त्यांना दुसरी झाडं लागतात, सुरवंट ठरावीक पानंच खातो, आणि ती पानं बागेत नसतील तर फुलपाखरू पाहुणं म्हणून येतं आणि जातं. म्हणून समोरच्या वाफ्यात एकाच झाडाऐवजी चार-पाच झुडपं मिळून बसवा. धायटी लावा, फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्या फांद्या लालभडक नळीसारख्या फुलांनी भरतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर हलत नाहीत तिथून. पूर्ण ऊन आणि पाण्याचा निचरा एवढंच मागते, मुरमाड जागेत तर जास्त खुश असते. तिच्या मागे पापट लावा, एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, संध्याकाळी त्यावर पतंग येतात. पावसाळ्यासाठी भारंगी, निळसर फुलांचे उभे तुरे आणि त्यावर मोठाले काळे भुंगे. आणि एक्झोरा. नर्सरीत जो बुटका चायनीज एक्झोरा मिळतो तो नाही, आपला दक्षिणेतला लाल मोठ्या झुबक्याचा जुना एक्झोरा, जो देवळांच्या आवारात असतो. शेवटी भूतकेस, ज्याचं एक पांढरं पान फुलासारखं दिसतं. नर्सरीत गुलाबी-पीच रंगाची मुसांडा मिळते ती हायब्रिड, ती नको, डोंगरावर असते ती केशरी लहान फूल आणि एकच पांढरं पान असलेली हवी. तिच्या पानांवर कमांडर फुलपाखराचे सुरवंट वाढतात.

अंडी घालायच्या झाडांमध्ये कढीपत्ता आणि लिंबू तर तुम्ही लावणारच आहात, त्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय येतील. सुरवंटांनी पानं खाल्ली तर औषध मारू नका, मोठं झाड त्यातून आरामात सावरतं. त्यात एक माकडलिंबू घाला, जंगलाच्या कडेला सावलीत चालतं, आणि त्यावर ब्लू मॉरमॉन अंडी घालतं, तेच ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू केलं. कोरांटीवर पॅन्सी जातीची फुलपाखरं. रुईचं एखादं झाड कुंपणाच्या कोरड्या कोपऱ्यात आपोआप आलं असेल तर उपटू नका, प्लेन टायगरचं सगळं कुटुंब त्यावर चालतं.

उतारावर वेडेलिया का सुचवली असेल ते कळतं, कारण तीन महिन्यांत हिरवागार गालिचा होतो आणि वर वर्षभर पिवळी फुलं, फोटो छान येतो. पण ही रोडच्या डिव्हायडरवरून नाल्यात आणि नाल्यातून नदीकाठी गेलेली आहे, पेराच्या प्रत्येक तुकड्याला मूळ फुटतं, आणि तुमच्या उताराच्या खाली ओढा आहे. पहिल्या जोरदार पावसात तुकडे ओढ्यात जाणार, मग ते काठ धरणार आणि तिथून काढणं कुणाच्याच हातात राहणार नाही. या लिस्टमधलं सगळ्यात धोक्याचं झाड तुमच्या जागेसाठी मला विचाराल तर लँटानापेक्षा हेच आहे, कारण लँटाना तिकडे आधीच पोचलीय, ही कदाचित अजून पोचलेली नाही.

हिची सख्खी देशी बहीण आहे, पिवळा माका. तसंच जमिनीलगत पसरणारं, तशीच पिवळी फुलं पण थोडी लहान. तिला ओल लागते, म्हणून उताराच्या तळाशी, जिथे पाणी मुरतं तिथे लावा, सोबत ब्राह्मी आणि जलपिंपळी मिसळा. जलपिंपळीवर पाय पडला तरी चालतं. वरच्या कोरड्या भागात पिवळा माका टिकणार नाही, तिथे विष्णुक्रांता लावा, निळी नाजूक फुलं येतात. पण नर्सरीत इव्हॉल्व्ह्युलस म्हणून जे मोठ्या निळ्या फुलांचं रोप मिळतं ते ब्राझीलकडचं आहे, विष्णुक्रांता म्हणून तेच गळ्यात मारतात, तेव्हा पान आणि फूल दोन्ही बघून घ्या: आपल्या विष्णुक्रांतेची पानं बारीक, अंगावर लव आणि फूल जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं.

पण खरं सांगायचं तर उताराची माती असल्या वरवर पसरणाऱ्या झाडांनी धरली जातच नाही, ती गवतं धरतात. मुळशीच्या पावसात नुसत्या गालिचावर विसंबलात तर गालिच्यासकट माती खाली येईल. आडव्या ओळीत वाळा लावा, दोन ओळींमध्ये उताराच्या तीव्रतेप्रमाणे पाच-सात फूट सोडा, वाळ्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. मधल्या पट्ट्यात मारवेल, डोंगरी गवत आणि त्यातच तेरडा आणि रानहळद. फाउंटन ग्रासचं कामही इथेच होऊन जातं, ते मुळात उत्तर आफ्रिकेकडचं गवत आहे, बी वाऱ्याने उडतं आणि वाळलं की पेट घेतं, हवाईत त्याने वणवे वाढवलेत, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर पेटतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पायवाटेकडेला तुरे हलताना दिसायला हवेत तर पवना किंवा कुसळी ही गवतं लावा, नोव्हेंबरच्या उन्हात कुसळीचा तांबूस रंग बघा एकदा. कुसळं कपड्यात अडकतात म्हणून अगदी चालायच्या जागेला खेटून नको, हातभर मागे.

कुंपण. टेकोमाला चपटं पातळ पंख असलेलं बी येतं, एका शेंगेत पुष्कळ, वारा येईल तिकडे जातं. ड्युरांटाची पिवळी फळं पक्षी खातात, माणसाला आणि विशेषतः लहान मुलांना ती विषारी. टेकोमाऐवजी बरेच जण लगेच तरवड सुचवतील, पिवळा रंग, देशी, कणखर, सगळं बरोबर. आणि तुमचा प्लॉट सुप्याला किंवा बारामतीकडे असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण तरवड हे कमी पावसाच्या माळरानाचं झाड आहे. पुणे शहरात वर्षाला ७००-७५० मिमी पाऊस, तुमच्याकडे ताम्हिणीच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट, चार महिने मुळं पाण्यात राहिली की तरवड कुजतो. देशी म्हणजे तुमच्या डोंगरावरचं असं मी वर म्हटलं ते याच्यासाठी.

तुमच्याकडे कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा आलटून पालटून लावा. दोन्ही छाटलेलं सहन करतात, निर्गुडीला निळसर जांभळे तुरे, अडुळशाला पांढरी फुलं, आणि महत्त्वाचं म्हणजे मोकाट गुरं दोन्हीला तोंड लावत नाहीत, जी तुमच्याकडे असणारच. मधे मधे पिवळी कोरांटी, काटेरी असते, कुत्री-डुकरं आत येत नाहीत. घराजवळच्या बाजूला जिथे दाट हिरवी भिंत हवी तिथे पांढरी कुंती, तिचा वास संध्याकाळी अंगणभर पसरतो. जंगलाकडच्या बाजूला सरळ रेषेत कुंपण छाटायचा हट्ट धरू नका, तिथे मुरुडशेंग, कुडा, दिंडा असं मिश्र येऊ द्या. कारवी आधीच असेल तर काढू नका. सात-आठ वर्षं नुसती पानं आणि मग एकदाच सगळा उतार जांभळा, त्या वर्षी मधमाश्यांची चंगळ असते, आणि एरवी तिच्या काठ्यांचे कूड करायचे हे मुळशीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतील. पिवळा रंग हवाच असेल तर एका कोपऱ्यात बहावा, दुसऱ्या कोपऱ्यात ताम्हण. एप्रिल-मेमध्ये एक पिवळा आणि एक जांभळा, यापुढे टेकोमा फिकाच पडेल.

वेलींमध्ये आपल्याकडे इतकी श्रीमंती आहे की आईस्क्रीम वेल लोक का लावतात ते मला कळतच नाही. कळतं तसं, ती भराभर वाढते आणि गुलाबी दिसते. पण जमिनीत कंद करते, वरून कितीही कापली तरी पुन्हा येते, आणि झाडावर चढली की झाड झाकून टाकते. पार्किंगचा मांडव लोखंडी आणि मजबूत असेल तर उक्षी चढवा. मार्चच्या सुमारास फिकट हिरवट फुलांनी पूर्ण मांडव भरतो. किंवा माधवलता, पांढरी झालरीसारखी फुलं, एका पाकळीवर पिवळा डाग, जानेवारीपासून सुगंध. ही दोन्ही जड, जंगली वेल आहेत, बांबूच्या मांडवावर चढवू नका, आणि वर्षातून एकदा पाऊस संपल्यावर छाटणी करा. नर्सरीत माधवलता मागितली तर मधुमालती देतात, लांब दांड्याची लाल-पांढरी फुलं असलेली, ती वेगळी वेल आहे. गेटच्या कमानीला मोरवेल लावा, पाऊस संपला की पांढरी फुलं आणि नंतर बियांना पिसासारख्या शेपट्या येतात त्या फुलांहून देखण्या. खिडकीजवळ कुसर, म्हणजे रानमोगरा, मार्च-एप्रिलला फुलतो. कळलावी पावसाळ्यात कुंपणावर सोडता येते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पण तिच्या सगळ्या भागांत आणि कंदात तर फारच जहाल विष असतं, घरात लहान मुलं किंवा जमीन उकरणारा कुत्रा असेल तर लावूच नका.

आता कॉसमॉस. सोनेरी-केशरी मेक्सिकन कॉसमॉस पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला किती पसरलाय ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसतंच, लोक त्यात उभं राहून फोटो काढतात आणि सोनकी समजतात. कॉसमॉस दाट उगवला की त्याखाली आपली बारकी पावसाळी फुलं उगवायला जागा राहत नाही. बी पाकिटात मिळतं, स्वस्त असतं, मुठीने फेकता येतं, म्हणून हे सगळ्यात सोपं पाप आहे. वाइल्डफ्लॉवर मिक्स म्हणून जी पाकिटं ऑनलाइन मिळतात ती तर अजिबात घेऊ नका, त्यात काय काय आहे ते विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं. सीडबॉलचंही, म्हणजे आत बी घालून वळलेल्या मातीच्या गोळ्यांचंही तेच, उत्साहाने डोंगरावर फेकायला जातात आणि आत सुबाभूळ निघते.

त्याऐवजी तेरडा. रानातला एकेरी गुलाबी तेरडा, नर्सरीतला डबल बाल्सम नव्हे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण एक रोप कोमेजेपर्यंत दुसरी वीस फुललेली असतात, आणि एकदा आला की दरवर्षी स्वतःच बी उडवून येतो. गौरी बसवायला तुम्हाला बाहेर शोधायला जावं लागणार नाही. त्यातच रानहळद, तिचे गुलाबी-पिवळे तुरे जुलै-ऑगस्टला येतात. पिवळा रंग भरायचा तर खुळखुळा, त्याची खोडं वाळायला लागली की टायगर जातीची फुलपाखरं थव्याने त्यावर येऊन बसतात. आणि एक सुचवते जे लँडस्केपवाला कधी सुचवणार नाही: एक वाफा तिळाचा करा. तीळ आपला जुना, इथलाच, फिकट गुलाबी घंटेसारखी फुलं, मधमाश्या तुटून पडतात, आणि संक्रांतीला घरचा तीळ. शेजारी कारळं पेरलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरला अख्खा वाफा पिवळाधमक. कारळं काटेकोर बघितलं तर इथियोपियाकडून आलेलं पीक, पण शेकडो वर्षं शेतातच राहिलंय, डोंगरावर पळत नाही, म्हणून मला ते चालतं. सोनकी, सीतेची आसवं, पठारावरची कंदफुलं हे मात्र बागेत आणायचा नाद करू नका, ती कातळावरच्या इंचभर मातीची आणि तिथल्या धुक्याची झाडं आहेत, घरी आणली की मरतात आणि पठारावरून तेवढी कमी होतात.

टाकीत जलपर्णी नको, ओढ्यापासून ती लांब ठेवण्याबद्दल जास्त बोलायला नको, पवना-इंद्रायणी नद्यांची अवस्था सगळ्यांनी पाहिलीय. निळं लहान कमळ आणि पांढऱ्या झालरीची कुमुदिनी पुरे. कुमुदिनीही पसरते, दरवर्षी निम्मी काढून कंपोस्टमध्ये टाका.

रान दिसेल का, हा तुमचा खरा प्रश्न होता. दिसेल, जर सगळीकडे सगळं लावलंत तर. घराच्या दारापासून वीसेक फुटांत नीटनेटकी, वर्षभर हिरवी राहणारी, पाणी घातलं की फुलणारी झाडं ठेवा, पांढरी कुंती, तगर, मोगरा, अबोली, एक्झोरा, निळी कोरांटी. यातलं एकही परकं दिसत नाही आणि आजीच्या अंगणात होतीच सगळी. त्याच्या पुढे झुडपं, आणि कुंपणाकडे जाल तसं मोकळं. पायवाटेची कड दगडाने स्पष्ट आखा, कड स्पष्ट असली की आतलं उंच गवतसुद्धा मुद्दाम लावलेलं दिसतं. एकेक रोप लावू नका, एका जातीची पाच-सात रोपं जवळजवळ लावा, तरच फुलल्यावर रंग दिसतो. निळ्या कोरांटीबरोबर सावलीत दशमुळी लावा, हिवाळ्यात गडद निळी फुलं येतात जी वाळताना लालसर होतात.

आणि एप्रिल-मे. त्या काळात मागचा भाग तपकिरी होणार, तेरडा नसेल, रानहळद जमिनीत झोपलेली, गवत वाळलेलं. ते मेलेलं नाही, त्यांची विश्रांती चालू आहे. माळ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सगळं खणून पुन्हा वेडेलिया लावेल. वाळलेलं गवत घराच्या बाजूने मात्र कापून घ्या, वणव्यासाठी घराभोवती दहा-पंधरा फूट पट्टा मोकळा हवा. झुडपांना पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, तिसऱ्या वर्षापासून कमी करत बंद. शेणखत खड्ड्यात एकदाच आणि तेही बेताने, रासायनिक खत नकोच, धायटी आणि कोरांटीला जास्त खायला दिलं की पानंच पानं आणि फुलं नाहीत.

रोपं कुठून, तर जंगलातून उपटून नाही. वन खात्याच्या रोपवाटिकेत बहावा, ताम्हण, निर्गुडी, अडुळसा सहज मिळतात. झुडपं आणि वेली देशी झाडांच्या खास नर्सरीत किंवा कुणाच्या बागेतून फांदी आणून करा. कोरांटी, भूतकेस, अडुळसा, निर्गुडी पावसाच्या सुरुवातीला फांदीने लागतात. भारंगी मुळाच्या फुटव्याने. धायटीचं बी धुळीसारखं बारीक, ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, आणि खालून पाणी द्यायचं. बहाव्याचं बी कठीण, एका बाजूने काचकागदावर घासा किंवा गरम पाण्यात रात्रभर ठेवा. तेरड्याच्या शेंगा हात लागताच फुटतात म्हणून फिकट व्हायला लागल्या की कागदी पिशवी लावून तोडा. ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर फोटो टाका आणि तुमच्या आसपास काय काय नोंदलं गेलंय तेही बघा, त्यासाठी ते फार उपयोगी आहे.

प्लॉटवर आधीच असलेली घाणेरी एकदम सगळी काढू नका. वरून छाटली तर दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत बसवली ती सोपी आहे: जमिनीखाली, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली मुख्य मूळ कापायचं आणि पूर्ण झुडूप उपटून उलटं करून ठेवायचं, मुळं वर, म्हणजे ते तिथेच वाळतं. फळं धरायच्या आधी करा, आणि कापण्याआधी आत घरटं आहे का बघा, बुलबुल आणि वटवटे तिच्यातच घरटी करतात. एका वर्षी एक बाजू घ्या, त्याच पावसात तिथे गवत आणि निर्गुडी-धायटी लावा, मग दुसऱ्या वर्षी दुसरी बाजू. जागा रिकामी ठेवली तर पुढच्या जूनमध्ये तिथे घाणेरीचीच रोपं असतील, ती मात्र हाताने उपटता येतात, दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारली की झालं. लँडस्केपवाल्याने वेडेलिया आणून ठेवली असेल तर ती परत द्या, किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कडक उन्हात पूर्ण काळी पडेपर्यंत ठेवा. ओढ्याकडे किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका.

खड्डे मेमध्ये काढून उन्हात तापू द्या, मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लागवड सुरू करा, आणि तुमच्याकडे पाऊस धो-धो पडायच्या आत, म्हणजे जूनच्या अखेरीपर्यंत उतारावरचा वाळा लागलेला असला पाहिजे, बाकी झुडपं जुलैतही चालतील. उतारावर मुरमाखाली कातळ किती फुटांवर लागतो तेवढं पहारीने बघून कळवा. दोन फुटांच्या आत लागत असेल तर बहावा-ताम्हण तिथे नको, ती खाली सपाटीवर घेऊ आणि वर धायटी आणि कुडाच ठेवू.